एकवीस दिवसांचे पंचांग

आमच्या भागात मोठे दुखणे एका भाषेत कधी येत नाही. दुखते ते मराठीत, डॉक्टरला सांगायचे ते तेलुगूत, रिपोर्ट येतो तो इंग्रजीत आणि दवाखान्याच्या पायरीवर शेजारी बसलेला माणूस धीर देतो तो दख्खनीत. पैनगंगेच्या दक्षिण तीरावर राहणाऱ्या आम्हा मराठी घरांना याचे नवल वाटत नाही. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट नांदेडला गेले, राजुरा आधी नांदेडला आणि पुढे चांद्याला गेले, आणि बेला, जैनथ, तामसी, बोथकडची आमची गावे आदिलाबादेतच राहिली. बाजार, शाळा, कोर्टकचेरी हे सारे आम्ही दोन भाषांत निभावून नेतो. पण आईला कर्करोग झाला आणि तिची केमोथेरपी सुरू झाली, तेव्हा दुभाष्याचे काम किती जबाबदारीचे असते ते मला उमगले.

हे लिहिण्याचे कारण एवढेच, की गेल्या काही वर्षांत ओळखीची-अनोळखी अनेक माणसे मला विचारतात, ‘गुरुजी, केमो म्हणजे नेमके काय होते हो?’ विचारणारा बहुधा मुलगा किंवा जावई असतो आणि पेशंट आई किंवा बाप. मी डॉक्टर नाही. एका पेशंटजवळ साडेपाच महिने बसलेला माणूस आहे. जे पाहिले आणि जे डॉक्टरांकडून समजून घेतले तेवढेच सांगतो.

२०१८ च्या दिवाळीनंतर कापूस वेचताना आईच्या हाताला छातीतली गाठ लागली. बायॉप्सी झाली, नाव कळले आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो गावाचा. नागपूर की हैदराबाद? आदिलाबादहून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे तीनशे. एकाच हमरस्त्याची ही दोन टोके. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. तिथे आईला परिचारिकेशी आपल्या बोलीत बोलता आले असते. हैदराबादला रेड हिल्स भागात मेहदी नवाज जंग यांच्या नावाची सरकारी कर्करोग संस्था १९५५ पासून आहे, आणि आमच्याजवळ आरोग्यश्रीचे कार्ड होते. ही योजना २००७ साली अखंड आंध्रात सुरू झाली; तेलंगणाने डिसेंबर २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाकाठी १० लाखांपर्यंत नेली. कार्ड मात्र आपल्या राज्याचे. महाराष्ट्रातल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी तिकडचे शिधापत्रक लागते. मामा म्हणाले, ‘भाषा आपली तिथं माणसं आपली.’ वडील कधी फार बोलत नाहीत. त्या दिवशी ते एवढेच म्हणाले, ‘भाषेनं बिल भरत नाही.’ आम्ही हैदराबादचा रस्ता धरला.

बसपेक्षा आईला रेल्वे बरी वाटे, कारण आडवे होता येते. आमची गाडी आदिलाबादहून सुटून किनवटमार्गे महाराष्ट्रात शिरते, मुदखेडला वळते आणि बासर, निजामाबाद करीत पुन्हा तेलंगणात येते. कर्करोगाच्या पेशंटला उपचारासाठी जाताना शयनयान वर्गात पूर्ण सवलत मिळते आणि सोबतच्या एका माणसाला पाऊण. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. पहिल्याच भेटीत तो मागून घ्यावा, हे मी सर्वांना आवर्जून सांगतो. औषध कार्डावर मिळाले तरी भाडे, जेवण, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांना कार्ड नसते.

आता दुसरा प्रश्न. आईला सांगायचे की नाही? आमच्या नात्यातल्या वडीलधाऱ्यांचे एकमत होते, ‘गाठ आहे म्हणा, औषधाने जिरेल म्हणा.’ आणि भाषेमुळे हे फार सोपे होते. डॉक्टर तेलुगूत बोलणार, मी मराठीत सांगणार, मधले काय गळले ते कोणाला कळणार? अशी किती घरे असतील, जिथे पेशंटपेक्षा दुभाष्याला अधिक ठाऊक असते!

आमच्या घरी हा वाद आईनेच संपवला. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि म्हणाली, ‘तेलुगू मले बाजारापुरतं येतं, पर माणसाचं तोंड वाचता येतं. डाक्टर लई वेळ बोलला अन् तू मले दोन शब्दांत सांगितलं तर मी काय समजू? जेवढं तो बोलंल तेवढं सांग. मधी गाळू नको.’ तिथेच मी तिला सारे सांगितले. गाठ किती सेंटिमीटरची आहे, काखेत पसरली आहे, आधी आठ केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. ती ऐकत राहिली. मग विचारले, ‘आठ म्हंजे किती महिने? कापसाची पेरणी व्हईल ना तवर?’ पुढच्या प्रत्येक भेटीत मी डॉक्टरांचे एक वाक्य झाले की थांबवून ते मराठीत सांगत असे. डॉक्टरांनाही या पद्धतीची सवय झाली. चौथ्या भेटीपासून ते आईकडे बघून बोलू लागले, माझ्याकडे नव्हे.

केमो म्हणजे काय, हे आईला समजावण्यासाठी मी आधी वाचून काढले. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना मारणारे औषध रक्तातून सर्व अंगभर फिरवायचे, एवढेच त्याचे मूळ तत्त्व. याचा आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. मोहरी वायू या युद्धातल्या विषावर संशोधन चालले असता, त्याच्या जातीचे द्रव्य पांढऱ्या पेशी कमी करते असे दिसले, आणि १९४२ साली अमेरिकेत येल विद्यापीठात ते प्रथम एका पेशंटला दिले गेले. पाच वर्षांनी बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिले. ते औषध अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव हे मूळ भीमवरमचे, १८९५ साली तेलुगू घरात जन्मलेले. १९४८ साली ते वारले. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आज जगभर वापरले जाते. हे सांगितल्यावर आईने मान डोलावली. ‘म्हंजे औषध बी तेलुगूच,’ ती म्हणाली.

आणखी एक औषध तर आपल्या अंगणातले. सदाफुलीपासून काढलेले व्हिन्क्रिस्टीन १९६० च्या दशकापासून रक्ताच्या कर्करोगात वापरतात. पण ही माहिती अर्धी ऐकून सदाफुलीची पाने वाटून प्यायला सांगणारे भेटतात. आम्हालाही भेटले. ते औषध मोजून-मापून थेट शिरेत देण्याचे आहे, आणि मुळात झाड विषारी आहे. केमो चालू असताना कोणताही झाडपाला, काढा वा भस्म डॉक्टरांना विचारल्यावाचून पोटात जाऊ देऊ नये. यकृतावर आधीच पुरेसा भार असतो.

आता त्या एकवीस दिवसांविषयी. आईची केमो दर एकवीस दिवसांनी होती. सर्वांची अशीच असते असे नाही. कोणाची आठवड्याला, कोणाची पंधरवड्याला, कोणाला नुसत्या गोळ्या. पण कोणाचीही असो, तिला एक ठरलेली चाल असते. ती चाल आईने दोन फेऱ्यांत ओळखली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करू लागली. त्याला ती ‘माझं पंचांग’ म्हणे.

पहिला दिवस दवाखान्याचा. आधी रक्ताची तपासणी. पांढऱ्या पेशी पुरेशा नसतील तर त्या दिवशी केमो होत नाही, परत यावे लागते. हे गृहीत धरूनच घरून निघावे आणि पिशवीत एक जोड कपडे जास्त ठेवावेत. आईच्या पहिल्या चार केमोंत लाल रंगाचे औषध होते. ते सुरू करण्यापूर्वी हृदयाची सोनोग्राफी केली, कारण ते हृदयाला जड जाते. त्या औषधाने एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. ही गोष्ट आधी ठाऊक नसेल तर सारे घर रात्रभर जागे राहते. सलाईन चालू असताना सुईच्या जागी आग झाली, सूज आली, तर लाजू नये, लगेच सिस्टरला हाक मारावी. हे औषध शिरेबाहेर सांडले तर मांस जाळते. आमच्या बायका सोसण्यात पटाईत. ‘आणखी थोडं सोसते’ म्हणून गप्प बसतात. आईला मी पहिल्याच दिवशी ‘नोप्पी’ हा तेलुगू शब्द, म्हणजे दुखते, मोठ्याने म्हणायला शिकवला होता.

दुसऱ्या दिवसापासून पाचव्यापर्यंत मळमळ, ओकारी आणि अंग गळून जाणे. उलटीच्या गोळ्या उलटी होण्याआधी घ्यायच्या असतात, झाल्यावर नव्हे. तोंडाला पत्र्याची चव येते. आईला फोडणीचा वासही चालेना, तेव्हा स्वयंपाक मागच्या पडवीत होऊ लागला. एकावेळी ताटभर वाढण्यापेक्षा दोन-दोन तासांनी घोट-घोट, घास-घास बरे पडते. ज्वारीची आंबील, मऊ खिचडी, उकडलेले अंडे, वरणाचे पाणी, घरी विरजलेल्या दह्याचे ताक हे तिला चालले. या दिवसांत औषधाचा अंश लघवी-ओकारीतून बाहेर पडतो, म्हणून निदान दोन दिवस ती साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत. याचा अर्थ हा रोग लागतो असा मात्र नाही. गावात एका घरी आईला वेगळ्या कपात चहा दिला गेला. ती चहा पिऊन आली आणि त्या घरी पुन्हा गेली नाही. वाचकहो, कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, नातवंडाला मांडीवर घेतल्याने लागत नाही. हे एकदा मनात पक्के झाले तर पेशंटचे अर्धे एकटेपण जाईल.

सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंतचा काळ वरून शांत आणि आतून धोक्याचा. पेशंट उठून बसतो, बोलतो, आणि घरच्यांना वाटते गंगेत घोडे न्हाले. नेमक्या याच दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. पेशंटच्या अंगात जंतूशी लढायला शिपाई नसतात. या काळात भेटायला येणाऱ्यांची रीघ नको, सर्दी-खोकल्याचे माणूस जवळ नको, बाजारातली कापलेली फळे नकोत, पाणी उकळलेले हवे. आणि घरात थर्मामीटर हवाच हवा. १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे थांबून बघण्याचा ताप नव्हे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजता जरी भरला तरी दवाखान्यात जावे आणि दारातच सांगावे, ‘केमो चालू आहे.’

आमच्यावर ही वेळ दुसऱ्या केमोनंतर आली. दहावा दिवस होता. रात्री साडेअकराला आईला हुडहुडी भरली, पारा १०१ वर. शेजारी म्हणाले, झोपू द्या, सकाळी बघू. बायकोने आधीच भरून ठेवलेली पिशवी आणि फाईल उचलली, आणि आम्ही मोटारीने आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात पोहोचलो. हैदराबादच्या वॉर्डाचा फोन नंबर फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. इथल्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलून तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविके सुरू केली. तपासणीत पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेलेल्या निघाल्या. पाच दिवस आई तिथे होती. रात्रपाळीची तेलुगू परिचारिका दर फेरीला तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणे, ‘एम् कादम्मा,’ काही होणार नाही हो आई. या वाक्याचा अर्थ आईला मला विचारावा लागला नाही. पुढच्या फेऱ्यांपासून पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन मिळू लागले. त्याने कंबर आणि मांडीची हाडे ठणकत. तीही खूण पंचांगात आली.

पहिल्या केमोनंतर अठराव्या दिवशी केस गेले. बहुतेकांचे दोन-तीन आठवड्यांत जातात. उशीवर झुबके दिसायला लागले तसे आईने स्वतःच म्हटले, ‘रोज रोज कोण वेचील? काढून टाक.’ नात्यातल्या एका बाईने डोळ्याला पदर लावला, कारण बाईचे केस काढणे याचा आपल्याकडे पूर्वी दुसराच अर्थ होता, आणि वडील तर समोर ओट्यावर बसलेले होते. वडील उठले, आत गेले आणि स्वतःचे धोतर नेसलेले मऊ सुती कापड घेऊन आले. त्याचा रुमाल त्यांनी तिच्या डोक्याला बांधून दिला. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना चारचौघांत आईला हात लावताना पाहिले नव्हते. केस पुढे परत आले, थोडे कुरळे आणि पूर्ण पांढरे.

पंधराव्यापासून एकविसाव्यापर्यंतचे दिवस चांगले. तोंडाची चव येते, जेवण जाते, शेतापर्यंत चालता येते. जे काही करायचे ते याच आठवड्यात. नातीचा वाढदिवस आम्ही तारीख पुढे ढकलून या आठवड्यात घेतला. पेशंटच्या घरात नुसत्या औषधाच्या वेळा पाळून भागत नाही, सुखाचे दिवसही आधीपासून राखून ठेवावे लागतात. पुढच्या चार केमोंत औषध बदलले. ओकारी कमी झाली, पण बोटांना मुंग्या येऊ लागल्या. साडीच्या निऱ्या हाताला कळेनात, वातीची कापसाची पेळू चिमटीत धरता येईना. हे डॉक्टरांना सांगावे लागते, कारण त्यावरून औषधाची मात्रा ठरते.

एक गोष्ट पुरुषांसाठी. मुलगा म्हणून मी फाईल सांभाळली, रांगा लावल्या, भाषा बदलून दिली. पण आईची आंघोळ, ओकारीचे घमेले, न सांगता येणारी दुखणी, हे सर्व माझ्या बायकोने आणि यवतमाळहून आलेल्या बहिणीने केले. बाहेर ‘मुलाने फार केले’ असे म्हटले गेले. घरातला हिशेब वेगळा होता. सेवा करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी मिळेल अशी वाटणी आधीच करून घ्यावी; नाहीतर पेशंट उभा राहतो आणि सेवा करणारी अंथरूण धरते.

जून २०१९ मध्ये आठवी केमो झाली. त्या साली कापसाची पेरणी आईने बांधावर बसून पाहिली. ऑपरेशन झाले, रेडिएशन झाले. तीन वर्षे चांगली गेली. ती शेतात गेली, नातीला तिने पुरणपोळी शिकवली, कोरोनाच्या दिवसांत मास्क शिवून वाटले.

२०२२ च्या पावसाळ्यात रोग यकृतात परतला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा केमो देता येईल. रोग पूर्ण जाणार नाही, काही महिने वाढू शकतील. मी वाक्यावाक्याने सांगत गेलो. आईने विचारले, ‘त्या महिन्यांतले किती दिवस पंधराव्याच्या पुढचे?’ डॉक्टरांना हे मी तेलुगूत सांगितले तेव्हा त्यांना आधी उलगडा झाला नाही. मग पंचांगाची गोष्ट सांगितली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, या वेळी ते सांगता येत नाही. आईने दोन केमो घेऊन पाहिल्या. चांगला आठवडा आलाच नाही. तिसऱ्या वेळी तिने स्वतः नको म्हटले, आणि डॉक्टरांनी दुखणे थांबवण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. मॉर्फिनचे नाव ऐकून पुष्कळ लोक घाबरतात. व्यवस्थित मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले तर त्याने माणूस शांत झोपू शकतो. आई २०२३ च्या संक्रांतीनंतर घरीच, आपल्या पलंगावर गेली. शेवटच्या आठवड्यात तिने सर्वांना नावानिशी हाका मारल्या.

नातेवाइकांपैकी काहींना वाटते की आणखी केमो द्यायला हवी होती. काहींना वाटते की पहिलीही द्यायला नको होती. मला दोन्ही पटत नाही. पहिल्या आठ केमोंनी तिला तीन वर्षे दिली, आणि त्या तीन वर्षांचा एकही दिवस आमच्या घरात कोणी फुकट मानलेला नाही. नंतरचा ‘नको’ तिचा होता. तो म्हणण्यापुरते सर्व काही तिला ठाऊक होते, म्हणून तो तिला म्हणता आला. दुसऱ्या कोणाची आई ‘हवे’ म्हणेल. तेही तितकेच खरे.

आईची वही माझ्याकडे आहे. तिच्यात एका पानावर मी तिला लिहून दिलेले शब्द आहेत. नोप्पी म्हणजे दुखणे, ज्वरम् म्हणजे ताप, नीळ्ळु म्हणजे पाणी, भयम् म्हणजे भीती. पुढच्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: औषधाचे नाव काय, किती फेऱ्या, रोग बरा करण्यासाठी की आवरण्यासाठी, ताप आला तर रात्री फोन कोणाला करायचा, कार्डात काय बसते आणि काय नाही. हैदराबादला किंवा नागपूरला निघालेली माणसे ती पाने उतरवून नेतात. मी त्यांना आणखी एकच सांगतो. डॉक्टरांच्या खोलीत ज्याला भाषा येते त्याने पेशंटच्या शेजारी बसावे, आणि पेशंटने विचारलेला प्रत्येक प्रश्न, तो कितीही अवघड असो, जसाच्या तसा पलीकडे पोहोचवावा.